मनातली कसर

दुपारची आवराआवर झाली असेल, नाहीतर चालू असेल. कुणी गवार निवडत ऐकत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसून. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. विषय आपल्या घरातलाच आहे.

मी पुण्यातल्या एका शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. आजचा विषय मला एका आईनं दिला. दिवाळीनंतरची पालकसभा संपली होती. गुणपत्रकं घेऊन सगळे पांगले. एक आई मात्र बाकावरच बसून राहिली. मी जवळ गेले, तर म्हणाली, “मॅडम, तक्रार तशी काहीच नाही.”

मुलगी नववीत. शाळा बुडवत नाही. सत्तर टक्क्यांच्या आसपास गुण असतात, या वेळी पासष्ट पडले. वेळेवर जेवते. उलट उत्तर देते, पण कोणती मुलं देत नाहीत? मग अडलंय कुठे? ती आई जरा थांबली आणि म्हणाली, “चौथीत असल्यापासून दिवाळीत दारातली रांगोळी तीच काढते. माझ्या हाताला ते वळण नाही. आठवीत एलिमेंटरीला ए ग्रेड मिळाली तिला. यंदा म्हणाली, तूच काढ. मला कंटाळा आलाय. रंगांची पेटी गणपतीपासून उघडलेली नाही. विचारलं की म्हणते, काही नाही.” आणि मग मला विचारलं, “हल्लीची मुलं अशीच असतात ना हो?”

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आपल्या सगळ्यांनाच तसं वाटत असतं. पण खरं उत्तर ‘कधी हो, कधी नाही’ असं आहे. हा फरक ओळखायचा कसा, हेच आज बोलू. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मायलेकींना विचारूनच ही गोष्ट सांगते आहे.)

सौम्य म्हणजे किरकोळ नव्हे

आपल्याकडे एक छान शब्द आहे, कसर. मूल आजारी नसतं, पण अंग किंचित कोमट लागतं, डोळे ओढलेले दिसतात. आपण म्हणतो, “अंगात कसर आहे.” थर्मामीटर लावला तर पारा नव्व्याण्णवच्या आसपास. आपण लगेच दवाखाना गाठत नाही, पण दुर्लक्षही करत नाही. मऊ भात देतो, लवकर निजवतो, रात्री उठून कपाळाला हात लावून बघतो. दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर डॉक्टरांकडे जातो.

मनातही अशी कसर असते. डॉक्टरांच्या भाषेत तिला सौम्य नैराश्याची लक्षणं म्हणतात. नैराश्याच्या पायऱ्या असतात: सौम्य, मध्यम आणि तीव्र. तीव्र नैराश्य असलेलं मूल अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. सौम्य नैराश्य असलेलं मूल उठतं, दप्तर भरतं, व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजला की पळत खाली जातं, क्लासला जातं. फक्त हे सगळं करायला त्याला नेहमीच्या दुप्पट जोर लावावा लागतो. तो जोर आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतं ते पासष्ट टक्के आणि तिरसट उत्तर.

उदास वाटणं आणि नैराश्य यांत फरक आहे. मैत्रिणीशी भांडण झालं, गुण कमी पडले, आजोबा गेले, तर मन उदास होणारच. ते चांगल्या मनाचंच लक्षण आहे. अशा उदासीत मधे मधे उघडीप असते. आवडती भाजी दिसली, मामा आला की चेहरा फुलतो. नैराश्यात ही उघडीप कमी होत जाते. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा काळ धरतात. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहणं, आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, सतत थकवा, या त्यातल्या मुख्य खुणा. त्यांच्या जोडीला झोप बिघडते, भूक कमी किंवा जास्त होते, लक्ष लागत नाही, ‘मी कशाच्याच लायक नाही’ असं वाटत राहतं.

तपासणीसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं विचारतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. पाच ते नऊ गुण आले तर लक्षणं सौम्य मानतात, दहाच्या पुढे मध्यम आणि मग तीव्र. किशोरवयीन मुलांसाठी तिचं वेगळं रूपही आहे. हे सांगितलं ते तुम्ही घरी परीक्षा घ्यावी म्हणून नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं. ‘सौम्य’ हा शब्द कुणी सहज तोंडी आला म्हणून वापरत नाही, त्यामागे मोजमाप आहे, एवढंच लक्षात यावं.

सौम्य लक्षणं असलेल्या पुष्कळ मुलांना घरच्या आधारानं, काही आठवड्यांत बरं वाटतं. पण अशा मुलांना पुढे जास्त गंभीर नैराश्य येण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा अधिक असते. म्हणून हीच वेळ महत्त्वाची. आईबाबांच्या हातात सर्वांत जास्त काही असतं ते याच पायरीवर.

या वयात ते रडून दिसत नाही

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात बसून रडणारी मुलगी येते. कुमारवयात नेहमीच तसं होत नाही. या वयात खिन्नतेच्या जागी चिडचिड येऊ शकते, हे वैद्यकशास्त्रानंही मान्य केलेलं आहे. म्हणजे आपण ज्याला ‘माज आलाय’ म्हणतो, तो कधी कधी माज नसतो.

दुसरी खूण शरीरात दिसते. सोमवारी सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. आपण म्हणतो, “शाळा चुकवायचे बहाणे.” पण दुखणं खरंच असतं. मनातलं सांगायला शब्द नसले की पोट बोलायला लागतं.

तिसरी खूण माणसांतून बाहेर पडण्याची. खाली सोसायटीत जाणं बंद. वाढदिवसाला बोलावलं तर “जाऊन काय करू?” मामेभावंडं आली तरी आतल्या खोलीत. चौथी खूण कामाच्या वेळेची. तासाभराच्या गृहपाठाला तीन तास लागतात. वही उघडी असते आणि नजर भिंतीवर.

मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत हे ओळखणं आणखी अवघड. वयात आल्यानंतर नैराश्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त, साधारण दुप्पट आढळतं. पण म्हणून मुलगे सुटले असं नाही. “मुलगा असून रडतोस काय?” हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. मग ते रडत नाहीत. दार आपटतात, मारामारी करतात, नाहीतर रात्रभर गेम खेळत बसतात.

यातली एखादी खूण प्रत्येकच घरात सापडेल. त्यानं घाबरून जाऊ नका. प्रश्न एकच विचारायचा: हे मूल आधी असं होतं का? मुळातच अबोल मुलगी अबोल असेल, तर तो तिचा स्वभाव. बडबडी मुलगी तीन आठवडे गप्प असेल, तर ती कसर. शेजारच्या मुलीशी तुलना करून काही कळत नाही. आपल्या मुलीची तुलना तिच्या स्वतःच्या सहा महिन्यांपूर्वीच्या रूपाशी करायची. त्या आईनं नेमकं तेच केलं होतं. रांगोळीवरून तिनं ओळखलं.

शहरातच जास्त का?

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ या वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचं आढळलं. ग्रामीण भागात हे प्रमाण ६.९ टक्के होतं आणि महानगरांत १३.५ टक्के. हा आकडा फक्त नैराश्याचा नाही, चिंतेसारखे इतर त्रासही त्यात आहेत. पण साठ मुलांच्या वर्गात आठ मुलं, असा हिशेब मांडला की मी वर्गात शिरताना बाकांकडे वेगळ्या नजरेनं बघते.

कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. घराण्यात कुणाला हा त्रास असेल तर शक्यता वाढते. घरातली भांडणं, व्यसन, पैशांची ओढाताण, शाळेतली चिडवाचिडवी, जवळच्या माणसाचा मृत्यू, हे सगळं आहेच. पण शहरातल्या मुलांच्या बाबतीत एका साध्या गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. ती म्हणजे झोप.

आपण हिशेब करू. शाळा सकाळी सातची. म्हणजे पावणेसहाला उठायचं. दुपारी एकला घरी. चारला क्लास, सुटायला सात. मग शाळेचा अभ्यास, क्लासचा अभ्यास, जेवण. साडेदहाला जरा फोन हातात. डोळा लागायला बारा. पावणेसहा तास झाले. आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना झोप लागते आठ ते दहा तास. रोज दोन-तीन तासांची उधारी. आठवड्याला पंधरा-वीस तासांची.

शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन नावाचं द्रव्य लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा तयार व्हायला लागतं. म्हणजे दहाला आडवं केलं तरी झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. हा आळस नव्हे, वयाचा गुण आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे आदेश काढले. वरच्या वर्गांना तो दिलासा नाही, आणि झोप खरी अवघड होते ती याच वर्गांत. अपुरी झोप मन खालावते आणि खालावलेलं मन झोप उडवतं. हे चक्र फिरत राहतं.

दुसरं म्हणजे जागा. दीड खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, तिथेच अभ्यास. मुलांना एकटं रडायलाही कोपरा नाही. किंवा याच्या उलट: तीन खोल्यांचा फ्लॅट, आईबाबा दोघं नोकरीवर, आणि दुपारी कुलूप उघडून आत शिरणारं एकटं मूल. खाली ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी घाम येईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुठे खेळायचं, हे मात्र आपल्या शहरांनी ठरवलेलं नाही.

आणि फोन? सगळं खापर फोनवर फोडणं सोपं आहे. रात्री फोन झोप खातो, हे खरं. इतरांचे हसरे फोटो बघून मूल स्वतःला कमी लेखतं, हेही खरं. पण कित्येकदा मूल आधी एकटं पडतं आणि मग फोनमध्ये शिरतं. अशा मुलाचा फोन एकदम हिसकावला, तर त्याचा उरलेला एकुलता मित्रही आपण काढून घेतो. रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन, आपलासुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे, हा नियम जास्त चालतो. त्यात ‘आपलासुद्धा’ हा शब्द महत्त्वाचा.

आधी शरीर तपासा

मन मन करताना शरीर विसरू नका. सतत थकवा, लक्ष न लागणं, उदास वाटणं यामागे रक्त कमी असणं, थायरॉईडचा त्रास, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणंही असू शकतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, दर दहात सहा. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, सकाळी काही न खाता शाळेत जाते का, हे बघा. डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घ्या. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्यात मुलांनाही संकोच वाटत नाही, म्हणून ती पहिली पायरी सोपी.

बोलायचं कसं?

आपण सगळ्याच जणी चुकतो, आणि मीही चुकले आहे, ती ही जागा.

माझी मुलगी दहावीत असताना महिनाभर कोमेजलेली होती. मी दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलींचं शांतपणे ऐकून यायचे आणि घरी आल्यावर तिला म्हणायचे, “तुला काय कमी आहे गं? आमच्या वेळी बघ…” एका रात्री ती म्हणाली, “आई, तू शाळेतल्या मुलींशी बोलतेस ना, तसं माझ्याशी बोल ना.” ते वाक्य मी अजून विसरले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला भीती वाटते आणि ती भीती रागाचा वेश घेऊन बाहेर पडते. मुलांना भीती दिसत नाही, राग तेवढा दिसतो.

काही वाक्यं टाळूया. “नाटकं करू नकोस.” “तुझ्या वयात कसलं आलंय टेन्शन?” “बाबांना कळलं तर बघ.” “ती बघ, तिची आई धुणीभांडी करते तरी पहिली येते.” या प्रत्येक वाक्यातून मूल एकच गोष्ट शिकतं, इथे सांगून उपयोग नाही.

मग काय म्हणायचं? “काय झालं?” या प्रश्नाला “काही नाही” हेच उत्तर येतं, कारण काय झालंय ते त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा. “गेले काही दिवस तू रंगांना हात लावला नाहीस, माझ्या लक्षात आलंय. मी रागावलेली नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. आज नाही तर नंतर.” आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड असतं.

समोरासमोर बसवून केलेलं बोलणं मुलांना चौकशीसारखं वाटतं. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, दिवे मालवून पडल्यावर मुलं बोलतात, कारण तेव्हा नजरेला नजर नसते. बोलायला लागली की मधे उपदेश नको. “बरं, मग?” आणि “फार जड गेलं असेल गं तुला” एवढंच पुरे. आणि एक पथ्य पाळा: तिनं सांगितलेलं रात्री फोनवर मावशीला सांगायचं नाही. ते तिच्या कानावर गेलं, तर पुढच्या वेळी ती आपल्याला सांगणार नाही.

घरी काय करायचं?

पहिलं, झोप. क्लासची वेळ बदलता येते का, एखादा विषय घरी होतो का, ते बघा. दुपारी अर्धा तास पडू द्या, पण संध्याकाळी सातला झोपू देऊ नका. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपली तर ओरडू नका.

दुसरं, हालचाल. बॅडमिंटन अकादमीच लागते असं नाही. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, सायकल, दोरीच्या उड्या, गाणं लावून नाच, काहीही चालेल. “जा, फिरून ये” म्हटलं तर मूल जाणार नाही. “चल, मंडईत जाऊन येऊ” म्हटलं तर येईल.

तिसरं, आवडीच्या गोष्टीचा लहानसा तुकडा. आपण म्हणतो, मन लागलं की करेल. नैराश्यात हे उलटं करावं लागतं, आधी हात चालवायचे, मन मागून येतं. समुपदेशनातही ही रीत वापरतात. पण तुकडा लहान हवा. “चित्र काढ” हे डोंगराएवढं वाटतं. “या डब्याच्या झाकणावर दोन पानं रंगवून दे” हे जमतं. जमलं की वाहवा भरमसाट नको, साधी दाद द्या.

चौथं, माणसं. दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, टीव्ही बंद ठेवून. आणि त्या जेवणात गुणांचा विषय काढायचा नाही.

पाचवं, नोंद. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो ना, तशीच स्वतःपुरती एक खूण करा. दिवस बरा गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. मुलीला दिसेल अशी नको. तीन आठवड्यांनी बघितलं की टिंबं वाढताहेत की फुल्या, हे कळतं. डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर हीच नोंद उपयोगी पडते.

बाबांनाही यात घ्या. “तुझ्या लाडानं झालंय” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यांना भाषण देऊ नका, एक काम द्या: रोज रात्री मुलीबरोबर दहा मिनिटं खाली चक्कर. आणि स्वतःकडेही बघा. आपलंच मन महिनोन्‌महिने कोमेजलेलं असेल, तर त्याची सावली मुलांवर पडते. आपण मदत घेणं हीसुद्धा मुलांना केलेली मदतच आहे.

बाहेरची मदत कधी?

दोन-तीन आठवडे हे सगळं करूनही फुल्याच वाढत असतील, शाळा बुडायला लागली असेल, वजन उतरलं असेल, झोप अगदी उडाली असेल, तर थांबू नका. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा. नसतील तर वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. आपले बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर पुढचा रस्ता दाखवतात. सरकारी रुग्णालयांत कुमारवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

फोनवरूनही मदत मिळते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगते, एक-चार-चार-एक-सहा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलांना स्वतःला फोन करायचा असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबरही चोवीस तास चालू असतो. हे दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. गॅस सिलिंडरचा नंबर असतो तसेच. मग त्यात लपवण्यासारखं काही उरत नाही.

“गोळ्या चालू करतील आणि सवय लागेल,” ही भीती मी फार ऐकते. सौम्य लक्षणांत मुलांना सहसा आधी गोळ्या देत नाहीत. आधी बोलण्याचे उपचार, दिनचर्या आणि लक्ष ठेवणं. “रेकॉर्डवर येईल, उद्या लग्नात अडचण,” ही दुसरी भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे.

एका बाबतीत मात्र दोन आठवडे काय, दोन तासही थांबायचं नाही. मूल “मी नसते तर बरं झालं असतं”, “जगून काय करायचंय” असं बोललं, लिहिलं, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असं शांतपणे, स्पष्ट विचारा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. जादू काही झाली नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एक क्लास बंद केला. त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस झाली. मुलगी माझ्याकडे आठ-नऊ वेळा आली. पहिल्या दोन वेळा खिडकीबाहेर बघत बसली. तिसऱ्या वेळी कळलं की जवळची मैत्रीण दुसऱ्या गटात गेली होती आणि डबा खायला तिच्याबरोबर कुणीच बसत नव्हतं. जूनपासून. पाच महिने ती रोज एकटी डबा खात होती, आणि घरी येऊन “काही नाही” म्हणत होती. वर्गशिक्षिकांनी गाजावाजा न करता बाकं बदलली. सावकाश, दोन-तीन महिन्यांत, बऱ्या दिवसांची संख्या वाढली. वाईट दिवस अजूनही येतात. पण आता ती ते सांगते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आईचा मला फोन आला. दारात रांगोळी कुणी काढली, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, “अर्धी तिनं काढली, अर्धी मी. माझी अर्धी वाकडीच आहे.”

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी मूल घरी आलं की पटकन “अभ्यास किती झाला?” असं विचारू नका. एक प्रश्न विचारा, “आज डबा कुणाबरोबर खाल्लास?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कपाळाला हात लावून ताप बघतो ना आपण, तसाच हा प्रश्न आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.